किशोरवयीन मुलांसाठी फ्लूची लस: गरज किती, कधी घ्यावी, कशी टोचावी

प्रश्न असा आहे: मुलगा १४ वर्षांचा, धडधाकट, लहानपणीच्या सगळ्या लशी झालेल्या. त्याला दरवर्षी फ्लूची लस द्यायची खरंच गरज आहे का? द्यायची तर कोणती, किती डोस, कोणत्या महिन्यात? आणि मागे दुसरी एक लस टोचल्यावर तो चक्कर येऊन पडला होता, त्याचं काय करायचं?

थोडक्यात सांगायचं तर, हो, द्यावी. या वयात वर्षाला एकच डोस पुरतो: ०.५ मिलि, दंडाच्या स्नायूत, आपल्या भागातली फ्लूची साथ सुरू होण्याआधी निदान दोन आठवडे. चक्कर आली होती म्हणून लस टाळू नये. त्या मुलासाठी टोचण्याची पद्धत थोडी बदलायची. आता यातलं एकेक नीट पाहू.

या वयातली फ्लूची लस बहुतेक घरांत कोणी नाकारलेली नसते, ती नुसती राहून जाते. पाच वर्षांपर्यंत मूल लशींसाठी वरचेवर डॉक्टरांकडे जातं आणि कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते. दहाव्या वर्षानंतर मूल आजारी पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि निरोगी मुलाला लस द्यायची आठवण करून देणारं कोणी उरत नाही. म्हणून एचपीव्हीच्या (काही कर्करोगांना कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धच्या) लशीसाठी किंवा धनुर्वात-घटसर्पाच्या बूस्टरसाठी मूल आलं, आणि फ्लूच्या लशीचा काळ असला, तर त्याच भेटीत तीही उरकून घ्यावी. एकाच वेळी दोन लशी देता येतात. शक्यतो दोन वेगवेगळ्या दंडांत द्याव्यात. एकाच दंडात द्यायची वेळ आली तर दोन जागांत निदान २.५ सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि कोणती लस कुठे दिली ते कार्डावर लिहावं. नाहीतर नंतर एक जागा सुजली तर ती कोणत्या लशीने, हे सांगता येत नाही.

‘धडधाकट मुलाला फ्लूने काय होणार?’ हा पालकांचा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि तो रास्त आहे. बहुतेक मुलांना खरोखरच फार काही होत नाही: तीन ते सात दिवस ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, आणि पुढे दोनेक आठवडे अशक्तपणा. पण अमेरिकेत मुलांच्या फ्लूने झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली जाते आणि त्या नोंदींत एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते: दगावलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना आधीचा कोणताही आजार नसतो. बहुतेकांनी त्या हंगामाची लसही घेतलेली नसते. निरोगी मुलांत घात होतो तो मुख्यतः तीन वाटांनी. विषाणूने सोलवटलेल्या श्वासनलिकेत स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू शिरून होणारा न्यूमोनिया ही पहिली. हृदयाच्या स्नायूला सूज ही दुसरी, मेंदूवर परिणाम ही तिसरी. कोणत्या मुलाला यातलं काही होईल, हे आधी ओळखण्याचा उपाय नाही. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत तर वृद्धांपेक्षा मुलं आणि तरुण जास्त प्रमाणात सापडले, कारण जुन्या पिढीच्या शरीराला त्या घराण्यातले विषाणू आधीच भेटून गेले होते.

ज्यांना दमा, मधुमेह, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार आहे, सिकल सेल आहे, वजन खूप जास्त आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत किंवा जी मुलं दीर्घकाळ अ‍ॅस्पिरिन घेतात, त्यांच्या बाबतीत ‘द्यावी का’ हा प्रश्नच नको. किशोरवयीन मुलगी गरोदर असेल तर तिलाही मृत विषाणूची (इंजेक्शनची) लस कोणत्याही महिन्यात देता येते आणि द्यावी.

मुलाला लस दिल्याने घरातल्या आजी-आजोबांना आणि तान्ह्या बाळालाही आडोसा मिळतो. फ्लू झालेला मुलगा लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू सोडायला लागतो आणि पुढे पाच-सात दिवस सोडत राहतो. वर्ग, बस, खेळाचा संघ, शिकवणी असा त्याचा दिवस माणसांच्या गर्दीतच जातो. कॅनडात हटराइट या धार्मिक पंथाच्या, एकत्र राहणाऱ्या लोकांच्या वसाहतींमध्ये झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही वसाहतींत फक्त ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, काहींत दुसरीच लस दिली. मुलांना फ्लूची लस मिळालेल्या वसाहतींत, लस न घेतलेल्या बाकीच्या माणसांमध्येही फ्लू सुमारे ६१ टक्क्यांनी कमी झाला. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्या बाळाला स्वतःला ही लस देता येत नाही.

आता लशीकडून अपेक्षा किती ठेवायची? लस आणि हंगामातला विषाणू यांचा मेळ चांगला बसला, तर डॉक्टरांकडे जावं लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस न घेतलेल्यांतली १०० मुलं आजारी पडत असतील, तर लस घेतलेल्या तेवढ्याच मोठ्या गटातली ४० ते ६० पडतील. हा आकडा ऐकून बरेच पालक निराश होतात. पण गंभीर आजाराच्या बाबतीत चित्र जास्त आश्वासक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, लशीमुळे फ्लूने मृत्यू होण्याचा धोका निरोगी मुलांत ६५ टक्क्यांनी आणि जोखमीचे आजार असलेल्या मुलांत ५१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. लस घेऊनही मुलाला ताप आला तर ‘लस फुकट गेली’ असं समजू नये. तिचं मोठं काम तो ताप न्यूमोनियापर्यंत जाऊ न देणं हे आहे.

दरवर्षी का, याची दोन कारणं. एक म्हणजे लशीने तयार झालेली प्रतिपिंडं (विषाणूला ओळखून रोखणारी रक्तातली प्रथिनं) काही महिन्यांत ओसरतात. दुसरं, विषाणू बदलतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात बारीकसारीक फरक साचत जातात आणि जुनी प्रतिपिंडं त्याला नीट ओळखेनाशी होतात. एच३एन२ हा प्रकार यात सगळ्यात चपळ, म्हणून तो जोरात असलेल्या वर्षी लस कमी पडते. त्यातच बहुतेक लशी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनतात. अंड्यात वाढताना एच३एन२ कधी कधी स्वतःच थोडा बदलतो, आणि मग शिकवलेला विषाणू एक नि समोर आलेला दुसरा अशी गत होते. पेशींमध्ये वाढवलेल्या लशींत ही अडचण टळते. मिळत असेल तर ती घ्यावी, पण तिची वाट पाहत हंगाम घालवू नये.

लशीत कोणते विषाणू घ्यायचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. पूर्वीच्या लशीत चार घटक असत. त्यातला बी/यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही, म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात संघटनेने तो वगळायला सांगितला. आता लस तीन घटकांची दिसली तर ती कमी प्रतीची समजू नका. एच१एन१, एच३एन२ आणि बी/व्हिक्टोरिया हे तिन्ही तिच्यात असतात, आणि नेहमीच्या लशीत प्रत्येकाचं १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं. खोक्यावर हंगामाचं वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो. टोचून घेण्याआधी तो वाचा. मागच्या हंगामाची उरलेली लस फ्रिजमध्ये कितीही नीट ठेवली असली तरी वापरायची नाही.

डोसचा घोळ या वयात बऱ्याचदा होतो. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. नऊ वर्षं पूर्ण झाली की आयुष्यात पहिल्यांदा घेत असला तरी एकच डोस पुरतो, कारण तोपर्यंत बहुतेक मुलांच्या शरीराला फ्लूचा विषाणू कधी ना कधी भेटलेला असतो आणि एका डोसाने ती ओळख जागी होते. दुसरी चूक मात्रेची. काही लशींची ०.२५ मिलिची सिरिंज तीन वर्षांखालच्या बाळांसाठी असते. ती चुकून मोठ्या मुलाला दिली गेली आणि मूल तिथेच असताना लक्षात आलं, तर आणखी ०.२५ मिलि लगेच द्यावं. मूल घरी गेल्यावर कळलं, तर ते परत येऊ शकेल तेव्हा लवकरात लवकर पूर्ण ०.५ मिलि द्यावं. ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेली जास्त ताकदीची लस ‘अधिक चांगली’ म्हणून निरोगी मुलाला देऊ नये.

सुईला फार घाबरणाऱ्या मुलांसाठी नाकातल्या फवाऱ्याची लस आहे: एकूण ०.२ मिलि, प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिलि. तिच्यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात, त्यामुळे ती सगळ्यांना चालत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं, गरोदर मुली, अ‍ॅस्पिरिन घेणारी मुलं आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असलेली मुलं यांना ती देऊ नये. दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. नाक पूर्ण चोंदलेलं असताना फवारा आत पोचत नाही, तेव्हा थांबावं किंवा इंजेक्शन घ्यावं. फवारा घेण्याआधीच्या ४८ तासांत किंवा घेतल्यावर दोन आठवड्यांत ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध घेतलं तर लशीतला विषाणूच मारला जातो आणि लस बाद होते. इंजेक्शनच्या लशीला ही अट नाही.

महिना कोणता, हे आपल्या भागात फ्लू केव्हा चढतो त्यावर ठरतं. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत सप्टेंबर-ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात एप्रिलच्या आसपास. उष्ण कटिबंधात हिशेब वेगळा: कुठे पावसाळ्यात साथ येते, कुठे वर्षातून दोनदा डोकं वर काढते. तिथे स्थानिक साथ सुरू होण्याच्या महिनाभर आधीचा काळ चांगला. फार लवकर घेतली तर हंगामाच्या शेवटी जोर ओसरतो, फार उशीर केला तर आधीच गाठ पडते. तरीही, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. विषाणू फिरतोय तोवर लशीचा उपयोग आहे. परीक्षा, शिबिर किंवा स्पर्धा असेल तर तिच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र नको, कारण दंड दुखतो आणि पोहणाऱ्या किंवा गोलंदाजी करणाऱ्या मुलाला ते जाणवतं.

टोचण्याच्या तंत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लशीच्या नावाने होणाऱ्या बऱ्याच तक्रारी खरं तर टोचण्याच्या असतात. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवलेली हवी. गोठलेली लस वितळल्यावर दिसायला ठीक वाटली तरी फेकून द्यायची. सिरिंज वापरण्याआधी हलवून घ्यायची. शर्टाची बाही वर सारून भागणार नाही. ती घट्ट असेल तर खांदा अर्धाच उघडा पडतो आणि सुई हमखास वर जाते. पूर्ण खांदा उघडा करावा. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने चाचपून त्याच्या दोन-तीन बोटं खाली, डेल्टॉइड स्नायूच्या मांसल मध्यावर सुई सरळ ९० अंशांत आत जावी. किशोरवयीन मुलांना साधारण २५ मिमी लांबीची सुई योग्य. आडव्या बांध्याच्या, जास्त वजनाच्या मुलांना त्याहून लांब लागू शकते, नाहीतर लस चरबीतच राहते. टोचणारा उभा आणि मूल बसलेलं असलं की सुई वर जाण्याची शक्यता वाढते, म्हणून दोघांनीही बसावं. फार वर टोचलं तर लस सांध्याजवळच्या पिशवीत जाऊन खांदा आठवडेच्या आठवडे आखडू शकतो. पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं आणि हात वर न्यायला अडवणारं दुखणं चारेक दिवसांत उतरलं नाही, तर खांदा तपासून घ्यावा. रक्त गोठण्याचा आजार असेल तर २३ गेज (सुईच्या जाडीचं माप; आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) किंवा त्याहून बारीक सुई वापरावी आणि नंतर न चोळता दोन मिनिटं दाबून धरावं.

आता चक्करेबद्दल. लस घेतल्यावर भोवळ येण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त याच वयात असतं आणि ती कोणत्याही लशीने, अगदी रक्त काढतानाही येऊ शकते. भीतीने आधी नाडी वाढते, मग एकदम मंदावते, रक्तदाब पडतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. धोका भोवळीचा कमी, पडून डोकं आपटण्याचा जास्त. म्हणून प्रत्येक मुलाने बसून लस घ्यावी आणि नंतर १५ मिनिटं बसून राहावं. ज्याला आधी चक्कर आली आहे त्याने आडवं पडूनच घ्यावी आणि १५ मिनिटांनी हळूहळू उठावं. उपाशी पोटी जाऊ नये, पाणी पिऊन जावं.

अशा मुलांना स्नायू आवळण्याची युक्ती आधी घरी शिकवावी: पाय, मांड्या आणि पोट १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचं, मग २० ते ३० सेकंद नेहमीसारखं सोडायचं, असं पाच वेळा. याने रक्तदाब टिकून राहतो. टोचायचा हात मात्र या सगळ्यात सैल ठेवायचा. केवळ दुखण्याची भीती असेल तर लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम तासभर आधी टोचण्याच्या नेमक्या जागी लावता येतं. दहा मिनिटं आधी लावलेल्या मलमाने काही होत नाही. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ हे वाक्य पालकांनी कटाक्षाने टाळावं. त्याने भीती जात नाही, मूल ती लपवायला शिकतं आणि न सांगता कोसळतं. शाळेत लसीकरण असेल तर टोचण्याची जागा रांगेतल्या मुलांच्या नजरेआड असावी. एक पडला की पाहणारे आणखी दोघं पडतात, आणि लशीत दोष असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते.

भोवळ आणि तीव्र अ‍ॅलर्जी यांतला फरक टोचणाऱ्याला आणि पालकालाही ठाऊक हवा. भोवळीत चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंद असते, आणि आडवं करून पाय वर घेतले की मूल मिनिटा-दोन मिनिटांत सावरतं. त्यात हातापायांना झटके आले तरी ती बहुधा फीट नसते. अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वासात शिट्टी वाजते, नाडी वेगात धावते आणि आडवं करूनही बरं वाटत नाही. असं झालं तर वाट पाहायची नाही. १:१००० अ‍ॅड्रेनालिन, वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलि, जास्तीत जास्त ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. हा प्रकार दहा लाख डोसांमागे एखादाच, पण अ‍ॅड्रेनालिन हाताशी नसेल तिथे लस घेऊ नये.

नेहमीचे त्रास साधे असतात: दंड दुखणं, लाली, थोडा ताप, अंगदुखी, आणि हे एक-दोन दिवसांत जातं. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिने फ्लू होऊ शकत नाही. लशीनंतर आठवड्यात आलेला ताप-खोकला बहुधा दुसऱ्याच विषाणूचा असतो, किंवा संरक्षण तयार व्हायच्या आधी गाठलेला फ्लू. गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा धोका काही हंगामांत दहा लाख डोसांमागे एक-दोन इतका वाढलेला आढळला आहे. खुद्द फ्लू झाल्यावर तो आजार होण्याची शक्यता त्याहून जास्त असते. आणखी एक गोष्ट पालक विचारतात, ती लपवण्यासारखी नाही. २००९-१० मध्ये युरोपात वापरलेल्या पँडेमरिक्स या साथीसाठीच्या लशीनंतर फिनलंड, स्वीडनसह काही देशांत मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचं, प्रमाण वाढलं. ती खास साथीसाठीची, सहायक द्रव्य (लशीचा परिणाम वाढवणारा पदार्थ) घातलेली लस होती आणि ती आता वापरात नाही. दरवर्षीच्या हंगामी लशींत हा प्रकार दिसलेला नाही.

लस कोणाला नको? फ्लूच्या लशीच्या आधीच्या डोसने जीवघेणी अ‍ॅलर्जी झालेल्यांना देऊ नये. आधीच्या डोसनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे झालं असेल तर तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय नाही. अंगात बराच ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावं; साध्या सर्दीसाठी थांबायचं कारण नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी हा आता अडथळा मानला जात नाही, कारण लशीत अंड्याचं प्रथिन नगण्य असतं. दम्याचे फवारे घेणाऱ्यांनी ते चालू ठेवावेत.

लस घेऊनही फ्लू झालाच, तर मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका. फ्लूत त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. जोखमीचा आजार असेल किंवा लक्षणं वाढत असतील तर पहिल्या ४८ तासांतच डॉक्टरांना गाठा, कारण ऑसेल्टामिव्हिरचा खरा उपयोग तेव्हा सुरू केल्याने होतो. ४० किलोंवरच्या मुलाला ते ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. तापाचं औषध न घेता २४ तास ताप आला नाही, की शाळेत पाठवा. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, पोटऱ्या इतक्या दुखणं की चालवत नाही, लघवी फार कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालयात न्या. ताप-खोकला उतरून मूल सावरलं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढा ताप आला, तर तो जिवाणूंचा न्यूमोनिया असू शकतो. तेव्हाही त्याच दिवशी छाती तपासून घ्या.